फाटकावरचा नारळ

परराष्ट्र धोरणाची जेवढी धास्ती भोईवाड्यातल्या माझ्या घरमालकांनी घेतली आहे, तेवढी दिल्लीतही कुणी घेतली नसेल. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो या काकांनी पोटमाळ्यावर जागा दिली म्हणून, त्यामुळे त्यांना हसताना मला जरा चोरट्यासारखं होतं. त्यांच्या मुलीची, बेबीताईची, कस्टम खात्यातर्फे थेट म्यानमारच्या सीमेवरच्या फाटकावर बदली झाली आणि काकांनी देवांच्या तसबिरी सरकवून ईशान्य भारताचा नकाशा लावला. उदबत्ती आधी त्याला. "पूर्वेकडचो सगळो व्यापार ह्या फाटकातसून जातलो," असं ते दूधवाल्यालाही समजावतात. फाटकातून पलीकडे जाणारा नवा रस्ता झाला की तिथल्या डोंगरातल्या पोरांना घराजवळ काम मिळेल, याचा त्यांना मनापासून आनंद. पण दोन देशांचं बिनसलं तर पहिली गोळी फाटकावरच, या विचाराने घास उतरत नाही. एकदा उडीद महागला तेव्हा ते पांढरेफटक पडले. उडीद ब्रह्मदेशातून येतो ना! वाणी म्हणाला, "काका, भाव मीच वाढवलाय." तरी ते त्या दिवशी जेवले नाहीत.

कोकणात गावाच्या शिवेवर राखणदार असतो, त्याला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. बेबीताई निघाली तेव्हा काकांनी तिच्या बॅगेत नारळ कोंबला. "थयल्या राखणदाराक दी, मगेच कामार चढ."

"बाबा, तिथे जवान असतात."

"जवान सुट्टयेर जातत. राखणदार जाणा नाय."

गेल्या महिन्यात पलीकडे गोळीबार झाला, फाटक बंद झालं आणि बेबीताईचा फोन लागेना. काकांनी नकाशाखाली नारळ ठेवला. चाळ जमली.

"दोनय सरकारांक सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"अडाकलेले ट्रक सोडव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या चेडवाक..." मुलीसाठीचं गाऱ्हाणं तसंच सोडून ते नारळ सरळ करू लागले. कशाला 'व्हय' म्हणायचं ते न ऐकताच आम्ही सगळे पुटपुटलो.

दोन दिवसांनी फोन आला. बेबीताई सुखरूप होती. राखणदाराचं ठिकाण न सापडल्याने तिने तो नारळ पलीकडून रोज येणाऱ्या भाजीवाल्या म्हातारीला दिला होता. त्यांच्याकडेही घराच्या रक्षणकर्त्यासाठी नारळ टांगतात म्हणे. "फाटक बंद झाल्यापासून ती दिसली नाही, बाबा."

आम्हाला हायसं वाटलं. काका मात्र पुन्हा नकाशासमोर बसले. "तिच्या घरात आमचो नारळ आसा रे. म्हणजे ती आमचीच."

फाटक अजून उघडलेलं नाही. संध्याकाळी ते गाऱ्हाणं घालतात. म्हातारीचं नाव माहीत नसल्याने तिथे नुसतं नकाशावर बोट ठेवतात. मी पोटमाळ्यावरून हळूच 'व्हय म्हाराजा' म्हणतो.