आत्याचा हुंकार आणि वायरलेस

विमानतळाच्या मनोऱ्यातला मुख्य रेडिओ बंद पडला तर बाजूला दुसरा तयार असतो, आणि तोही गेला तर बॅटरीवरचा तिसरा. हे मला शहापूरच्या एका निवृत्त काकांनी सांगितलं. आयुष्यभर ते तिथले रेडिओ दुरुस्त करत होते. ऐकून माझं डोकंच सणकलं. सिद्धगडाखालच्या आमच्या गावात टेलिफोन एक, तोही पावसाळाभर मेलेला. बाळंतीण अडली तर माणूस निरोप घेऊन चिखलातून पळायचा. मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं: ‘आभाळातल्यांना तीन, जमिनीवरच्यांना एकही नाही?’

तालुक्याचे साहेब वैतागले, पण गावात वायरलेसची चाचणी घ्यायला कबूल झाले. काकांकडे हौशी वायरलेसचा परवाना होता, त्यांनी दोन संच आणले. एक मुरबाडला साहेबांच्या टेबलावर, तिथे काकांचा मित्र बसला. दुसरा आमच्या अंगणवाडीत, इथे काका. निरोप जाऊन उत्तर नीट मिळालं तर संच पावसाळाभर गावात राहणार. नाहीतर परत.

बोलणार होती माझी आत्या, गावची सुईण. बाळंतीण अडल्याचा चाचणीपुरता निरोप तिने झकास दिला. घोळ झाला उत्तर घेताना. या यंत्रात आपण बटण दाबलं की समोरचा ऐकू येत नाही, आणि आत्या दर दोन शब्दांना बटण दाबून ‘हं’ म्हणे. जीप कुठे येणार ते त्या ‘हं’खाली गडप झालं, सोबत कोणाला घ्यायचं तेही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. माझा संच चालला हातचा.

मी कावून म्हटलं, “गो आत्या, बटण सोड ना.”

“माणूस बोलतोय नि मी हुंकार पण नाय देऊ? भिंतीशी बोलतोय वाटंल त्याला.”

काका हसून हसून लाल झाले होते. म्हणाले, “ताई, वैमानिक पण हुंकार देतो. पण सगळं ऐकून झाल्यावर, आणि ऐकलेलं सगळं परत म्हणून. एक शब्द गाळत नाही.”

असा भरघोस हुंकार आत्याला एकदम पटला. पुन्हा उत्तर आलं, तेव्हा ती डोळे मिटून शेवटपर्यंत गप्प राहिली. मग बटण दाबून संथपणे म्हणाली, “जीप टोकावड्याच्या फाट्यावर येईल. बाईला झोळीतून तिथवर आणा. सोबत घरची एक बाई द्या. आणि त्या पत्रकवाल्या पोरीचं तोंड एकदाचं बंद करा, मला जेवायला जायचंय. ओव्हर.”

शेवटचं वाक्य साहेब मित्रामागे पुटपुटले होते. मित्राचं बोट बटणावरच होतं.

अंगणवाडीत जमलेल्या बायकांनी तोंडात पदर कोंबलेले, मला उचकी लागलेली. मग साहेबांचाच आवाज आला, बारीक. सगळं बरोबर आहे म्हणाले, संच ठेवा.

“सगळं बरोबर आहे, संच ठेवायचा,” आत्या म्हणाली. पण बटण काही सोडलं नाही. अंगणवाडीत जो हशा उसळला होता, तो मुरबाडपर्यंत पोचू दे, असा तिचा विचार होता.