चक्रीतला वाघ

आज दाराला ऑइलपेंट लावत होते आणि त्या वासाने मला एकोडीच्या मंडईत, गावच्या जत्रेत नेलं. दिवाळीनंतर तिथे गोल फिरणारी, बसायची लाकडी चक्री यायची. तिच्यात घोडे होते, मोर होता आणि डोक्याला फडकं बांधलेला, हातांगुडघ्यांवर ओणवा एक सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला शेतगडी. त्याच्या पाठीवर बसायला आम्ही पोरी भांडायचो. एका वर्षी पाहते तर सालदाराच्या अंगावर पिवळे-काळे पट्टे, मागे शेपूट.

"वाघच बरा," कोणी म्हणालं.

"सालदाराची मजा वाघाले येते का?" माझा भाऊ चिडला. कोणी रंगवलं, ते चक्रीवाला सांगेना.

माझा संशय शेवंतावर, माझ्या मैत्रिणीवर गेला. तिचा बाप आमच्याच शेतावर सालदार होता, आणि तिच्या नखांत पिवळं दिसत होतं.

"तूच रंगवला ना?"

"हळद आहे. मी कायले रंगवू?"

मी तिचा हात ओढून हुंगला. हळद नव्हती. भावाला सांगायला मी वळले, तोवर ती वाघावर जाऊन बसली.

आम्ही दरवर्षी सोबत मंडईला जायचो. त्या चक्रीत शेवंता त्या दिवशी पहिल्यांदा बसली, हे मला आज कळतंय.