ज्याचं जळणार, त्याच्या हाती

गावात तिला तोफ म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. ती ट्रॅक्टर चालवायची, मागे पाण्याचा टँकर ओढायची, आणि वणवा लागला की विझवणाऱ्या पथकाची प्रमुख तीच. तिला प्रमुख केलं त्यामागे फार खोल विचार नव्हता. आग जवळ आली की आगीचाच आवाज असा काही होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि त्या गोंगाटातून पलीकडे पोचेल असा गळा गावात एकच होता. नवरा बिचारा मितभाषी. लोक म्हणत, लग्नानंतर त्याची बोलायची पाळीच आली नाही.

राग तर तिच्या नाकावरच बसलेला. ऊन तापलं, हवा कोरडी झाली आणि वर वारा सुटला, की ती शाळेच्या छपरावर लाल झेंडा लावायची. झेंडा वर असेपर्यंत गावात वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, कचरा पेटवणं नाही, उघड्यावर विडी नाही. एका वेल्डरने "एवढं गेट जोडतो आणि थांबतो" असं म्हटलं, तर तिने त्याचं मशीन उचलून हौदात टाकलं. तो भांडायला आला, तेव्हा त्यालाही टाकलं. गाव हसलं, पण त्या उन्हाळ्यात पुन्हा कुणी ठिणगी पाडली नाही.

यंदाचा उन्हाळा मात्र हसण्यासारखा नव्हता. दाराच्या कड्या फडक्याने धराव्या लागत. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून वर येई. गाव टेकडीच्या माथ्यावर. त्याखाली रस्ता, रस्त्याखाली गवताचा उतार, तळाला ओढा आणि ओढ्यापलीकडे जंगल. ओढा आटला होता. उतारावरचं गवत हातात धरलं की पापडासारखं मोडायचं. झेंडा वर चढला तो उतरलाच नाही.

खालून येणारा वणवा पाण्याने विझत नाही. त्याला एकच औषध: तो पोचायच्या आत आपणच रस्त्यावरून खाली आग लावायची आणि त्याच्यासाठी जळायला काही ठेवायचंच नाही. पथकातले लोक याला उलटी आग म्हणत. पण ती लावायची एक वेळ असते. वणवा जवळ आला की तो समोरची हवा स्वतःकडे ओढू लागतो, आणि गवताची टोकं वाऱ्याविरुद्ध त्याच्याकडे झुकतात. तेव्हाच लावायची. त्याआधी लावली तर वारा ती गावावर घेऊन येतो, आणि उशीर झाला तर लावून उपयोग नाही.

या उलट्या आगीला एक नियम होता, आणि तो रक्ताने लिहिलेला होता. फार पूर्वी पथकाने न विचारता एकाची झोपडी आणि शेत जाळलं. गाव वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात कुऱ्हाडी निघाल्या. दोघे वणव्यात नव्हे, भांडणात मेले. तेव्हापासून ठरलं: ज्याचं जळणार, पलिता त्याच्या हाती. मालकाने स्वतः लावायची, म्हणजे मागाहून कुणी कुणाला बोट दाखवायला नको.

गेल्या वर्षी ही पाळी पोल्ट्रीवाल्यावर आली होती. त्याची शेड रस्त्याखाली होती. "दोन मिनिटं दे, कोंबड्या सोडतो," असं म्हणत तो रडत होता. तिने त्याच्या कानाखाली जाळ काढला आणि पलिता हातात कोंबला. त्याने लावली. कोंबड्यांचा आवाज गावाने ऐकला, त्यानेही ऐकला. नंतर तो स्वतःहून पथकात आला. तिच्याशी मात्र कामापुरतंच बोलायचा.

शेड गेल्यावर रस्त्याखाली एकच बांधकाम उरलं होतं, तिच्या दादाची सुतारशाळा. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानेच तिला वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, तिला ट्रॅक्टर शिकवला, तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की शेजाऱ्यांची माफी मागितली. पथकाच्या प्रत्येक फावड्याचा दांडा त्यानेच घडवलेला. आणि सुतारशाळेच्या माळ्यावर वडिलांनी कापून वाळत घातलेल्या फळ्या होत्या. त्यांना हात लावायचं त्याला इतक्या वर्षांत धाडस झालं नव्हतं.

त्या दुपारी जंगल पेटलं. कसं, ते कुणाला कळलं नाही. भोंगा वाजला आणि पथक रस्त्यावर पोचलं तोवर पलीकडची झाडं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत फुटत होती. जळत्या केसांचे ससे ओढा ओलांडून आले आणि जिथे पडले तिथलं गवत पेटलं. आग उतारावरून वर चढू लागली. माणसं ओली पोती घेऊन रस्त्याच्या कडेला पांगली. तिने पलिता पेटवला आणि सुतारशाळेच्या दारात गेली.

"दादा, घे."

"अगं, वारा फिरेल असं वाटतंय. थोडं थांब."

"फिरत नाही. धर हा."

"बाबांच्या फळ्या तरी काढू दे. तेवढ्याच."

तिने उताराकडे बघितलं. टोकं अजून झुकली नव्हती, पण झुकायला आली होती.

"काढ," ती म्हणाली. "पण लवकर."

जवळच उभ्या असलेल्या पोल्ट्रीवाल्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तो आपलं पोतं घेऊन रस्त्याच्या टोकाला, स्वतःच्या घराकडे निघून गेला.

दादाने एक फळी आणली, मग दुसरी. मग तो पुन्हा आत गेला. गवत झुकलं. तिने हाक मारली. धूर खाली उतरला आणि रस्त्यावरची माणसं दिसेनाशी झाली. तिने पुन्हा हाक मारली, त्या हाकेने सगळं गाव गोळा झालं असतं, पण दादा बाहेर आला तो फळी घेऊन नव्हे. हातात लाकडी हातोडा होता, आणि तो दारात पाय रोवून उभा राहिला.

"नाही लावत. जाळायचंच तर आधी मला जाळ."

तिने त्याची कॉलर धरून ओढलं. त्याने हातोडा घातला. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं, मग दुखलं. तिने पलिता पायाशी टाकला, दाराशी टेकवलेलं फावडं उचललं आणि फिरवलं. पातं सपाट त्याच्या डोक्यावर बसलं, दांड्याला चीर गेली आणि दादा गुडघ्यांवर आला. कानामागून रक्त सदऱ्यात उतरलं. तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला, त्यात पलिता दिला, वरून आपली मूठ आवळली आणि त्याला तसंच फरफटत गवतापर्यंत नेलं. पलित्याचं जळतं तेल दोघांच्या बोटांवरून ओघळलं. दादा किंचाळला. तिने मूठ सोडली नाही.

"लाव! लाव ना रे दादा!" ती ओरडत होती आणि रडत होती.

गवताने पेट घेतला. आग खाली धावली, वणवा वर धावला, आणि मधोमध दोन्ही एकमेकांना भिडले तेव्हा जमीन हादरली. सुतारशाळेतले पॉलिशचे डबे एकेक करून फुटले. पण उशीर झाला होता. रस्त्याच्या टोकापर्यंत उलटी आग पोचलीच नाही, आणि तिथून वणव्याने रस्ता ओलांडला. तिथलं पहिलंच घर पोल्ट्रीवाल्याचं. छप्पर कोसळायच्या आधी तो म्हाताऱ्या वडिलांना बाहेर ओढून घेऊन आला. म्हाताऱ्याच्या पाठीची कातडी चादरीला चिकटून राहिली. आग त्या घरापाशीच टँकरच्या पाण्याने अडली, म्हातारा वाचला. तेव्हापासून तो पालथाच झोपतो.

चार दिवसांनी शाळेत बैठक भरली. तिचा एक हात गळ्यात होता, दुसऱ्याला पट्ट्या. दादा मागच्या बाकावर बसला होता. दोघांत शब्द झाला नव्हता.

पोल्ट्रीवाला उठला. त्याने आवाज चढवला नाही.

"मी दोन मिनिटं मागितली तर मला कानाखाली मिळाली. भावाने मागितली तर मिळाली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

"हो," ती म्हणाली. "मी थांबले. चुकले."

"ते झालंच. मला दुसरं सांग. आग कुणी लावली? ह्याच्या डोक्याला टाके कशाचे? तू लावली असशील, तर नियम मेला. पुढच्या वेळी मी कुऱ्हाड घेऊन बांधावर उभा राहीन. एकटा नसेन."

कुणी त्याला गप्प बसवलं नाही. उलट चार-पाच माना हलल्या. बाहेर झेंडा फडफडत होता, टेकडीची दुसरी बाजू, लोकांच्या शेतांसकट, अजून वाळलेली उभी होती, आणि पुढचा मालक अडून बसला तर गाव राहणार नाही हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. खरं सांगायला तिने तोंड उघडलं.

"मी लावली," दादा मागून म्हणाला. तो उभा राहिला होता. पट्ट्यांतला उजवा हात त्याने वर धरला. बोटं मिटत नव्हती. "पलिता माझ्या हातात होता. हे बघा."

"आणि डोकं?"

"फळी पडली."

पोल्ट्रीवाल्याने त्या बोटांकडे पाहिलं. मग खाली बसला. बैठक उठली.

ती धावतच दादाच्या मागे गेली. फाटकापाशी त्याला गाठलं.

"दादा, तो हात... मी..."

"हाताचं काय घेऊन बसलीस?" तो म्हणाला. एवढं शांत तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. "रात्रभर त्या म्हाताऱ्याचं कण्हणं ऐकू येतं मला. मी फळ्या मागितल्या म्हणून ती पाठ जळली. मला अक्कल नव्हती, जीव अडकला होता माझा. पण तुला होती ना? त्या पोल्ट्रीवाल्याला मारलंस, तसं मला आल्या आल्या का नाही मारलंस?"

तिला उत्तर ठाऊक होतं. त्यालाही होतं. तो निघून गेला आणि ती फाटक धरून उभी राहिली. शाळेच्या छपरावर झेंडा अजून वाऱ्यावर आपटत होता, म्हणून ती टँकर भरायला गेली.