तांबोळी मॅडमचा कॉम्प्युटर बोलेनासा झाला तेव्हा...

त्या सोमवारी सकाळी ऑफिसात पोचलो तेव्हा आमची आयटीची टीम भलतीच खुशीत होती. सुट्टीच्या दोन दिवसांत सगळ्या कंपनीतलं जुनं पीडीएफ सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं होतं... आणि कुठूनही बोंब नाही!

आमची औषधांची कंपनी, हडपसरच्या पुढे. इथे साधं सॉफ्टवेअर बदलायचं तरी आधी चाचण्या, मग मंजुऱ्या, मग सह्या. तपासणीला माणसं आली की प्रत्येक गोष्टीचं कारण दाखवावं लागतं.

तेवढ्यात क्वालिटीतल्या तांबोळी मॅडमचा फोन आला. (नाव बदललंय.) औषधाच्या प्रत्येक बॅचची कागदपत्रं त्या तपासायच्या, मी नोकरीला लागलो त्याच्याही कितीतरी आधीपासून.

"निखिल, अरे माझा कॉम्प्युटर बोलेनासा झालाय."

वर गेलो. मॅडम कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या, समोर पीडीएफ उघडी. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर वाचून दाखवायची सोय होती. नव्यातही आहे... पण आयटी सिक्युरिटीवाल्यांनी ज्या गोष्टी बंद ठेवायला सांगितल्या, त्यांत तीही होती.

"ते सुरू होईल तोवर नुसतं वाचून काढा ना मॅडम," मी सहज म्हणालो.

त्यांनी आजूबाजूचा अंदाज घेतला, आवाज खाली आणला. "दिसत नाही रे. मधलं सगळं पुसट झालंय. कडेकडेचं तेवढं दिसतं."

घरी माहीत होतं. ऑफिसात कुणालाच नाही. आम्हाला वाटायचं, मॅडम गाणी ऐकत काम करतात...

ती सोय सुरू करणं माझ्यासाठी चुटकीसरशी होणारं काम. पण एकट्या माणसाला अशी सवलत द्यायची तर कारण लिहून त्यांच्या साहेबांची मंजुरी घ्यावी लागते. मी दुसरंच एखादं कारण टाकू का, असं विचारलं.

"जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतलं खोटं पकडलं, आणि आता माझ्यासाठी तू खोटं लिहिणार? खरं काय ते लिही."

मी लिहिलं.

साहेब वाईट माणूस नाही हो. पण नीट न दिसणाऱ्या माणसाने तपासलेले कागद उद्या ऑडिटमध्ये निघाले तर, ही त्यांची भीती. मॅडमनी तपासलेलं बरंच काही पुन्हा तपासून घेतलं गेलं. एकही चूक सापडली नाही... तरी बदली झालीच. ट्रेनिंग हॉलचं बुकिंग बघायला. पगार तोच, मान मात्र गेला.

ती सोय सुरू करायची मंजुरी त्यानंतर आली. मी धावतच त्यांच्या नव्या टेबलाशी गेलो, सोय सुरू करून दिली. मॅडमनी हेडफोन लावला, थोडं ऐकलं.

"छान वाचतोय," म्हणाल्या. "आता वाचायला काही देतील का, तेवढं विचार."

मी जिन्यात जाऊन उगाच उभा राहिलो...

मग सिक्युरिटीवाल्यांच्या मागे लागलो. भांडलोसुद्धा. आता ती सोय सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर सुरू आहे, कुणालाही कारण द्यावं लागत नाही. परवा अकाउंट्समधले एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले, हळूच "थँक्यू" म्हणाले आणि निघून गेले. कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

हे सगळं लिहू का, म्हणून मॅडमना विचारलं. "लिही की. आता लपवायचं काय राहिलंय?" एवढंच म्हणाल्या.

मॅडम, तुम्ही खरं लिहायला लावलंत म्हणून आज बाकीच्यांचं निभावतंय... त्याची किंमत मात्र एकट्या तुम्हीच मोजलीत.