ते नववं घर
काल राजारामपुरीत एका नव्या फ्लॅटचं कुलूप उघडलं आणि ओल्या रंगाचा वास नाकात शिरला. तसाच वास होता त्या घराला, पंधरा वर्षांपूर्वी!

घरं दाखवायचं काम सुरू करून मला आठ महिने झाले होते आणि एकही घर माझ्या हातून विकलं गेलं नव्हतं. घरचे म्हणत होते, पुरे आता. त्या दिवशी वारणानगरहून निवृत्त झालेले मुलाणी चाचा आणि चाची माझ्याबरोबर नववं घर बघायला आले. चाचा प्रत्येक घरात भिंती ठोकून बघायचे. चाची दारातच उभ्या राहायच्या.

इथं मात्र त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. खिडकी उघडली, तसा भरारा वारा आत आला. त्यांनी ओट्यावरून तळहात फिरवला.

चाचा म्हणाले, "जिना लई उभा हाय. चला, ताई."

आतून चाचींचा खणखणीत आवाज आला, "अवो, चपला घालून कुठं फिरताय घरात? भाईर काढा आधी! ताई, तुमी बी!"

घरात म्हणाल्या त्या, जणू आपल्याच घरात! चाचा माझ्याकडे बघून हसले आणि चपला काढायला खाली वाकले.

घर मी विकलं, असं पुढं कितीतरी दिवस सांगत फिरले. आता कळतं, मी नुसती किल्ली घेऊन उभी होते. पण त्या क्षणी एवढं सुचतंय कुठलं? चाचांच्याही आधी मी चपला काढल्या आणि गार फरशीवरून अनवाणी चाचींकडे धावले.