छेदातली करणी

निर्मलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या बाजारात वांगी निवडत होतो. रडू यायला हवं होतं, पण डोळ्यांपुढं उभी राहिली पासलीची सखूआजी, शाळेच्या दारात पदर खोचून... आणि मला हसूच आलं. वांगीवाली माझ्याकडं संशयानं बघू लागली.

पासलीच्या शाळेत बाई गणित शिकवायच्या, मी मराठी. एका शनिवारी नववीच्या फळ्यावर त्यांनी लिहून ठेवलं, 'सोमवारी करणी'. गणितात करणी म्हणजे दोनाच्या वर्गमुळासारखं मूळ, कितीही दशांश काढा, संपत नाही. गावात करणी म्हणजे कुणी लिंबू-बाहुली ठेवून दुसऱ्याचं वाटोळं करतं, ती. सोमवारी वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी वैशाली आलीच नाही. तिचं शाळेतून नाव काढून टाकायला तिची आजी आली.

"पोरीला हितं शिकाया धाडली हुती, करणी शिकाया न्हाई," सखूआजी म्हणाली. "आन मागं म्हनं अर्धा घात शिकिवला. कुनाचा घात करायचाय तुमास्नी?"

मी मध्ये पडून शब्दांच्या व्युत्पत्तीवर बोलू लागलो, तर बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. आजीला बाकावर बसवलं आणि फळ्यावर चौकोन काढला. "आजी, हे तुमचं चौरस भातखाचर. आत नऊ चौरस काठ्या जमीन, तर एक बांध तीन काठ्या. अर्धा घात म्हणजे जमिनीवरून बांध शोधायचा, एवढंच. जमीन दोन असली तर बांध नेमका आकड्यात मावत नाही. त्याला आम्ही करणी म्हणतो."

आजीनं फळ्याकडं बोट केलं. "आन ती लागली तर?"

बाई म्हणाल्या, "अपूर्णांकाच्या छेदात असली तर घालवतो. पुढं तेच शिकवणार आहे."

"घालिवता?" आजीचा आवाजच बदलला. "मंग शिकू द्या पोरीला. समदं शिकू द्या."

वैशाली वर्गात परत आली, पण आजीनं ही बातमी गावभर केली. थोड्याच दिवसांत एक जण दूध चोरणारी म्हैस घेऊन शाळेच्या मैदानात हजर झाला. बाईंनी त्याला वेल्ह्याच्या गुरांच्या डॉक्टरांकडं धाडलं. म्हैस दूध देऊ लागली आणि श्रेय बाईंच्या खात्यावर जमा झालं. पुढं कितीतरी वर्षं त्या म्हणायच्या, "सर, छेदाचं परिमेयीकरण एवढं कुणाचंच गाजलं नसेल."

गेल्या आठवड्यात त्यांच्या भोरच्या घरी गेलो. निवृत्तीनंतरही बाई मोबाईलवर मुलांच्या शंका सोडवायच्या. त्यांचे यजमान दत्ताभाऊ तो मोबाईल अजून रोज चार्जिंगला लावतात. आम्ही चहा घेत असताना तो वाजला. कुणा मुलीनं गणिताचा फोटो पाठवला होता, आठाचा दोन-तृतीयांश घात. खाली प्रश्न, 'बाई, आधी वर्ग करू की घनमूळ?'

दत्ताभाऊ कचेरीतून निवृत्त झालेले, मी मराठीचा. दोघं पेन घेऊन बसलो. मी आधी वर्ग केला, चौसष्ट आले, आणि तिथंच अडकलो. त्यांनी आधी घनमूळ काढलं, दोन, मग वर्ग, चार. रडतखडत माझंही चारच आलं. आम्हाला केवढा आनंद झाला...

"बाई गेल्याचं या मुलीला कळलेलं दिसत नाही," मी म्हणालो. "सांगायला हवं."

दत्ताभाऊंनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सांगू की," ते म्हणाले. "आधी उत्तर देऊ."