दाखवायला आणलेली मुलं

डॉक्टरांनी श्रावणीचा टी-शर्ट पोटावरून वर केला, टॉर्च जवळ धरला आणि मान न वळवता सिस्टरना म्हणाले, "दार लावून घ्या आधी. ही बाहेर ज्यांच्याजवळ बसली होती, त्या मुलांची नावं लिहून ठेवा." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "व्हॅरिसेला आहे. कांजिण्या."

ताईने सुटकेचा श्वास सोडला. "कांजिण्याच ना? मला वाटलं काय तरी..."

"कांजिण्या 'च' नाही. या मुलीला कांजिण्या. फरक आहे."

हा फरक तुम्ही आधीच समजून घ्या, कारण आम्हाला तो उशिरा समजला. श्रावणी माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी, तिसरीत आहे. तिला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. म्हणजे मूत्रपिंडाची गाळणी सैल होते, अंगातलं प्रोटीन लघवीतून वाहून जातं आणि चेहरा, पोट, पाय सुजतात. त्यावर स्टेरॉइड देतात. स्टेरॉइडने सूज उतरते, पण शरीराची लढायची ताकदही उतरते. ज्या कांजिण्यांत बाकीची मुलं अंग खाजवत कार्टून बघतात, त्याच कांजिण्या अशा मुलाच्या फुप्फुसात, यकृतात, मेंदूत शिरू शकतात. "मूल दगावू शकतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी शब्द मऊ केला नाही, हे बरं केलं.

कांजिण्यांवर लस आहे. पण ती जिवंत विषाणूपासून बनवतात, त्यामुळे स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असताना देता येत नाही. श्रावणीची लस म्हणूनच पुढे ढकलली होती.

डॉक्टर विचारत गेले. घरात कुणाला झाल्या होत्या? नाही. शेजारी? नाही. शाळेत?

"शाळेत ती जातच नाही," ताई म्हणाली. "पंधरा दिवस झाले, सूज परत आली म्हणून घरीच आहे. फक्त एकदा नेली होती. दाखवायला."

"कुणाला दाखवायला?"

"ऑफिसात. रजेसाठी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

पंचवटीतल्या त्या शाळेचं नाव मी लिहीत नाही. एका शाळेचं नाव लिहिलं की बाकीच्या स्वतःला निर्दोष समजतात. नियम असा आहे: मूल आजारी असेल तर पालकांनी त्याला कार्यालयात समक्ष आणून दाखवायचं. मुख्याध्यापिका बाई मुलाकडे बघणार आणि मग वैद्यकीय रजा मंजूर होणार. नुसता डॉक्टरचा कागद चालत नाही. डॉक्टरने फोन केला तरी चालत नाही. मूल हवं. तापलेलं, पुरळ आलेलं, उलट्या करणारं मूल रिक्षात घालून आणायचं, जिन्याखालच्या बाकावर बसवायचं आणि हाक येईपर्यंत थांबायचं.

शहरात कांजिण्यांची साथ होती. शाळेला माहीत होतं, कारण रोज सकाळी ती त्या बाकावर येऊन बसत होती. पालकांना मात्र कुणी एका ओळीने कळवलं नाही. प्रवेशाचे दिवस होते. साथ चालू असलेल्या शाळेत नवीन पालक पाऊल टाकत नाहीत.

ताईने क्लार्कला फोनवर सांगून पाहिलं होतं. मुलीला जपायला सांगितलंय, बाहेर न्यायची नाही. क्लार्क हसला म्हणे. "मॅडम, सगळ्यांचीच मुलं नाजूक असतात. दोन मिनिटांचं काम आहे, दाखवा आणि न्या." मग ताईने सुजलेल्या श्रावणीला स्कार्फ बांधला आणि नेली. बाकावर आधीच तिघं बसली होती, तिघांच्या तोंडाला खाजेवर लावायच्या कॅलामाइनचा गुलाबी लेप. ताईला वाटलं, घामोळं असेल. शेजारच्या मुलाने सरकून श्रावणीला जागा करून दिली. दोन मिनिटांचं काम मधल्या सुट्टीपर्यंत चाललं.

"त्या दिवशीच आला असतात तर इंजेक्शन देता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन असतं, म्हणजे तयार प्रतिकारशक्ती बाहेरून देणं. कांजिण्यांच्या मुलाशी संबंध आल्यावर ते लवकर द्यावं लागतं. अशी औषधं चालू असलेलं मूल तुमच्या घरात असेल तर एवढं लक्षात ठेवा: पुरळ यायची वाट बघू नका. संबंध आला असं कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

पण संबंध आलाय हे कळायला तर कुणी सांगावं लागतं.

आम्हाला वॉर्डाच्या टोकाची बंद खोली दिली. आत फक्त कांजिण्या होऊन गेलेला माणूस थांबेल, असं सांगितलं. मला लहानपणी झाल्या होत्या, दाजींनाही. ताईला कधी झाल्या नव्हत्या. तिला लस टोचली आणि घरी थांबायला सांगितलं, कारण ती आजार घेऊन फिरत असेल तर कळायला अजून वेळ होता, आणि त्याच मजल्यावर इतर मुलं होती.

ताई रडली. डॉक्टरांच्या पायाशी बसते की काय असं वाटलं. पण गेली घरी. आणि पुढे मुलगी ऑक्सिजनवर असतानाही मखमलाबादच्या दोन खोल्यांत मोबाइलसमोर बसून राहिली.

नियम म्हटला की माझ्या अंगावर काटा येतो, असं कुणी समजू नये. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले, तेव्हा नियमांना शिव्या घालणं मला सोपं आहे. पण हॉस्पिटलचा तो नियम आईला लेकीपासून तोडत होता आणि तरी तो बरोबर होता. तो कुणातरी अनोळखी मुलाचा जीव वाचवायला केलेला होता. शाळेचा नियम शाळेची इज्जत वाचवायला केलेला होता.

सलाइनमधून असायक्लोव्हिर सुरू झालं. हे विषाणूची वाढ रोखणारं औषध. पहिले दोन दिवस पुरळ वाढतच गेलं. टाळूवर, पापणीच्या आत, जिभेवर. पाणी गिळताना ती माझं मनगट धरायची. मग खोकला लागला. छातीचा एक्स-रे काढला, त्यात दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. "व्हॅरिसेला न्यूमोनिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे बाहेर अंगावर जे दिसत होतं ते आत फुप्फुसात उतरलं होतं. "आज आणि उद्या. हे दोन दिवस काढायचे आहेत."

मनमाडच्या एक सिस्टर होत्या. आत येताना गाऊन, मास्क, हातमोजे घालायच्या, तरी त्या हसताहेत हे डोळ्यांवरून कळायचं. "काय गं ठिपक्यांच्या राणी, आज किती नवीन ठिपके?" श्रावणी बोलू शकत नव्हती. ती बोटं वर करायची. "एवढेच? बास झालं की. आता नवीन घ्यायचे नाहीत."

त्याच दुपारी ताईच्या फोनवर शाळेचा मेसेज आला. तिने तो मला पुढे पाठवला. 'श्रावणीची रजा वाढवण्यासाठी तिला पुन्हा कार्यालयात समक्ष दाखवावे, अन्यथा गैरहजेरी लागेल.' माझ्यासमोर ऑक्सिजनची नळी लावलेली मुलगी होती. राग नंतर आला, आधी किळस आली. गटार तुंबलेल्या गल्लीतून जाताना येते तशी.

ते दोन दिवस आम्ही काढले. तिसऱ्या सकाळी खोकला सुटा झाला, नवीन फोड आले नाहीत, ऑक्सिजन उतरवता आला. श्रावणीने पहिल्यांदा तोंड उघडलं ते "आई कुठंय" विचारायला. दाजी सिन्नरची शिफ्ट सोडून आले आणि आत बसले. मी अंघोळ करून, कपडे बदलून शाळेत गेले.

जिन्याखाली बाक होता. बाकावर दोन मुलं होती, एकाच्या गालावर ओले फोड. वर भिंतीवर कोरी करकरीत पाटी: 'विलगीकरण कक्ष'. पाटीखाली खांबाला साखळीने बांधलेली सॅनिटायझरची बाटली. कांजिण्या हवेतून पसरतात.

मुख्याध्यापिका बाईंनी मला पाणी दिलं. "श्रावणीचं ऐकून फार वाईट वाटलं हो. पण तुम्हाला कल्पना नाही. द्राक्षतोडणीचे दिवस आले की निम्मी शाळा आजारी पडते. पालक सर्रास खोटं बोलतात. काकाचं लग्न, मामाची जत्रा, सगळ्याला ताप. बघितल्याशिवाय आम्ही कसं ओळखायचं?"

"डॉक्टरांनी ओळखलं होतं. त्यांचा कागद होता."

"कागद काय, कुणीही देतं."

"आणि बाकावर एकत्र बसवलेली मुलं?"

"मग वर्गात थोडीच पाठवतो त्यांना?" बाई खरोखर दुखावल्या होत्या. "वेगळीच बसवतो ना. आयसोलेशनच झालं ते."

मी तिथून उठले. त्यांना ते खरंच पटलेलं होतं. आजारी मुलं निरोग्यांपासून वेगळी केली की काम झालं, मग ती एकमेकांना काय देतात ते त्यांचं त्यांनी बघायचं. ज्याच्याकडे आधीच एक आजार आहे, त्याला दुसरा मिळाला तर बिघडलं कुठे? बाकावरची सगळी मुलं त्यांच्या लेखी एकच.

मी पत्रक काढलं. साथ असेल तर पालकांना कळवा, सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत मुलाला घरीच राहू द्या, डॉक्टरचा कागद माना, मुलाला बोलावू नका. शाळा सुटताना गेटवर उभी राहिले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, रस्त्याच्या त्या बाजूला वाटा, मला बोलणी बसतील." लोकांनी घेतलं, घडी घातली, पुढे गेले. एकजण म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, पण वर्ष जाईल ना पोराचं."

श्रावणी घरी आली. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या होत्या, कपाळावर दोन खड्डे राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, अजून काही दिवस शाळा नाही. त्यांना आणि त्या सिस्टरना आम्ही जे देणं लागतो, ते शब्दांत मांडता येणार नाही. तसा प्रयत्नही मी करत नाही.

दुसऱ्या दिवशी क्लार्कचा फोन आला. ताई भाकरी थापत होती. माझी ही बहीण जन्मात कुणाला उलट बोललेली नाही. रांगेत कुणी पुढे घुसलं तर ही मागे सरकते. तिने पिठाच्या हाताने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मुलीला एकदा दाखवून जा म्हणजे..."

"नाही आणणार."

"मग गैरहजेरी लागेल."

"लावा. वर्षभराची लावा." भाकरी तव्यावर पडली. "तुम्हाला बघायचीच असेल तर डॉक्टरांना विचारा कधी यायचं, आणि तोंडाला मास्क बांधून या. मी दाखवते तुम्हाला माझी मुलगी."

तिकडून फोन ठेवला गेला. मग तिने वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर लिहिलं, माझ्या पत्रकापेक्षा कितीतरी लहान: 'कांजिण्या झालेलं मूल कुणी शाळेत दाखवायला नेऊ नका. माझी श्रावणी तिथे बसली आणि मरता मरता वाचली. सगळ्यांनी मिळून नाही नेलं तर ते काय करतील?'

मग एकीने लिहिलं, मी नाही नेणार. मग दुसरीने. एकीने परीक्षेचं विचारलं, तिला तिसरीनेच गप्प केलं.

संध्याकाळी एक फोन आला. आवाज अनोळखी, अडखळत बोलणारा. "ताई, मी आरुषची आई. त्या दिवशी बाकावर तुमच्या श्रावणीशेजारी तो माझा मुलगा होता. ताप होता हो त्याला. रिक्षात माझ्या मांडीवर झोपून आला होता. माझ्यामुळे झालं का हे?"

मला ताईच्या हातातून फोन घ्यायचा होता. मला खूप काही बोलायचं होतं, शाळेबद्दल, नियमाबद्दल, बायांना एकमेकींसमोर गुन्हेगार करून सोडणाऱ्या त्या बाकाबद्दल.

ताई आतल्या खोलीकडे बघत होती. श्रावणी झोपली होती.

"तुझ्यामुळे कसं होईल गं," ती म्हणाली. "तुलापण बोलावलंच होतं ना. आरुष कसा आहे? जेवतो का आता नीट?"